दुकानाचा परवाना आणि वास्तव्याचा परवाना

हेदवीच्या दशभुज गणेशाचें दर्शन घेऊन खालीं उतरलें कीं माडापोफळींच्या वाड्या लागतात, आणि त्या ओलांडल्या कीं समुद्र. रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यांतील हें गांव निसर्गानें सुंदर आहे; पण सौंदर्यावर कोणाचें पोट भरत नाहीं. थोडें भात, कांहीं आंब्याचीं कलमें, काजू, सुपारी आणि कोकम एवढ्यावर वाढत्या कुटुंबाचा निर्वाह होत नाहीं, हें कोंकणांतील घरोघरच्या माणसांस फार पूर्वींच उमगलें. म्हणून एका भावानें जमीन राखावयाची आणि दुसऱ्यानें मुंबई गांठावयाची, ही वांटणी येथें पिढ्यान् पिढ्या चालत आली. चाकरमान्याच्या मनिऑर्डरीवर घर चालावयाचें, आणि शिमग्याला व गणपतीला तो दोन दिवस घरीं यावयाचा, हा या किनाऱ्याचा जुना संसार होय.

मुंबईस जाणाऱ्या या माणसापुढें एक प्रश्न मात्र कधींच उभा राहिला नाहीं. भारतीय राज्यघटनेच्या १९ व्या कलमानें नागरिकाला देशांत कोठेंहि राहण्याचें व स्थायिक होण्याचें स्वातंत्र्य दिलें आहे, आणि त्याच कलमानें कोणताहि धंदा, व्यापार वा उद्योग करण्याचेंहि स्वातंत्र्य दिलें आहे. हेदवीचा माणूस गिरगांवांत खोली घेतो आणि दादरला गाळा घेतो. गाळा बुडाला म्हणून खोली सोडून चालता हो, असें त्याला सरकार सांगत नाहीं. एकाच कलमांत शेजारीं शेजारीं बसलेले हे दोन हक्क एकमेकांपासून तुटूं शकतात, ही कल्पनाच त्याच्या मनास शिवत नाहीं.

समुद्र ओलांडला कीं ही जोडी तुटते. परक्या देशांत दुकान उघडण्याची परवानगी एक खातें देतें आणि तेथें राहण्याची परवानगी दुसरें खातें देतें. कोठें पहिली मिळाल्यावांचून दुसरी मिळत नाहीं. कोठें पहिली सहज मिळते, पण तिच्यामागून दुसरी येतच नाहीं. आणि कोठें दोन्ही मिळूनहि एखाद्या तारखेस दोन्ही एकदम संपतात. "आधीं जाऊं, मग काय तें पाहूं," असें म्हणून निघालेल्या माणसाचें नुकसान बहुधा मालाच्या भावांत होत नाहीं; तें या दोन कागदांच्या मधल्या फटींत होतें. म्हणून या कागदांचा परस्परसंबंध प्रथम समजून घेणें अगत्याचें आहे.

हा प्रश्न आजचा नाहीं. १८३४ पासून मॉरिशस बेटांत उसाच्या मळ्यांवर काम करण्यासाठीं हिंदुस्थानांतून गिरमिटिये जाऊं लागले, आणि त्यांत रत्नागिरी जिल्ह्यांतील मराठी भाषिक कुटुंबेंहि होतीं. कराराचीं वर्षें भरल्यावर यांतील पुष्कळ माणसें तेथेंच राहिलीं. कोणी भाजीपाला पिकवूं लागला, कोणी फेरी घालूं लागला, कोणी छोटें दुकान मांडलें. माणूस आतां कोणाचा बांधलेला नव्हता. परंतु १८६७ च्या कायद्यानें त्याला स्वतःच्या छायाचित्रासह ओळखपत्र जवळ बाळगणें भाग पडलें, आणि तें जवळ नसल्यास भटक्या ठरवून त्याला शिक्षा होऊं शकत असे. कष्ट करण्याचें स्वातंत्र्य मिळालें. मोकळेपणानें हिंडण्याफिरण्याचें मात्र कागदावर अवलंबून राहिलें.

दक्षिण आफ्रिकेंत या दोन परवान्यांचें शस्त्र अधिक उघडपणें वापरण्यांत आलें. नाताळ वसाहतींत १८९७ सालीं दोन कायदे एकाच वर्षांत झाले. एकानें, युरोपीय भाषेंत अर्ज लिहितां न येणाऱ्या नवागतास वसाहतीचें दार बंद केलें. दुसऱ्यानें, जे आधींच आंत होते त्यांच्या दुकानांचे परवाने एका अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोंपविले. हिशेबाच्या वह्या इंग्रजींत ठेवतां येत नाहींत, जागा स्वच्छ नाहीं, अशा कारणांवरून परवाना नाकारतां येत असे; आणि त्या निर्णयाविरुद्ध न्यायालयांत दाद मागण्याची सोय कायद्यानें ठेवली नव्हती. कायद्यांत हिंदी व्यापाऱ्याचें नांव कोठेंहि घेतलेलें नव्हतें. तरी रोख त्याच्यावर होता, हें सर्वांस ठाऊक होतें. गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेंतील लढ्याच्या मुळाशीं जीं गाऱ्हाणीं होतीं, त्यांत व्यापाऱ्यांच्या या परवान्यांचें गाऱ्हाणें ठळक होतें.

केपटाऊनची हकीकत कोंकणास अधिक जवळची आहे. रत्नागिरी आणि तेव्हांच्या कुलाबा जिल्ह्यांतील कोंकणी मुसलमान कुटुंबांतील पुरुष विसाव्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास तेथें गेले व लहानमोठीं दुकानें चालवूं लागले. बायकामुलें बहुधा कोंकणांतच असत. वर्षानुवर्षें दुकान संभाळलेला माणूस घरच्यांस भेटावयास निघाला, तर १९०६ च्या केप वसाहतीच्या कायद्याखालीं त्याला तात्पुरत्या गैरहजेरीचा परवाना काढावा लागे. त्यावर छायाचित्र व अंगठ्याचा ठसा असे, आणि मुदत ठरलेली असे. बाप आजारी पडला, लग्नाचा मुहूर्त लांबला, पावसाळ्यांत बोट चुकली, अशा कोणत्याहि कारणानें मुदत उलटली, तर केपटाऊनच्या धक्क्यावरून त्याला परत फिरावें लागण्याची भीति असे. दुकान पलीकडे, कुटुंब अलीकडे, आणि मध्यें एक तारीख! परदेशांतील वास्तव्याचा हक्क हा गैरहजेरीनें झिजणारा हक्क आहे, हा धडा कोंकणच्या माणसानें शंभर वर्षांपूर्वीं घेतलेला आहे. तो आजहि जुना झालेला नाहीं.

तिसरा धडा पूर्व आफ्रिकेचा. केनियाचें स्वातंत्र्य झाल्यावर १९६७ सालीं परदेशी नागरिकांच्या वास्तव्याचा व व्यापारी परवान्यांचा असे दोन नवे कायदे तेथें झाले, आणि जे नागरिक नव्हते त्यांना ठराविक भागांत व ठराविक मालाचाच व्यापार करण्याची मुभा राहिली. युगांडांत १९६९ च्या कायद्यानें तसेंच झालें. आणि ऑगस्ट १९७२ मध्यें इदी अमीननें आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडण्याचा हुकूम दिला. दोन दोन पिढ्यांचीं दुकानें, पेढ्या आणि घरें जशींच्या तशीं टाकून माणसें निघालीं. ज्यांच्याजवळ ब्रिटिश पारपत्र होतें अशीं सुमारें २७,००० माणसें इंग्लंडांत आलीं आणि पुष्कळांनीं तेथें पुन्हां काउंटरमागें उभें राहून संसार उभारला. त्या घटकेला दुकानापेक्षां पारपत्राची किंमत अधिक ठरली. दुकान कितीहि भरलेलें असलें तरी तें मालकाला देशांत ठेवून घेऊं शकत नाहीं. देशांत राहण्याचा पाया स्वतंत्रपणेंच घालावा लागतो.

आतां आजच्या काळाकडे वळूं या. कोंकणच्या किनाऱ्यावरून परदेशाचें नांव निघालें कीं प्रथम अरबी आखाताकडे बोट जातें, आणि तें साहजिकच आहे. दुबई व तिच्या भोंवतालच्या राज्यांत १९६६ पर्यंत हिंदी रुपयाच चालत असे. १९६९ सालीं दुबईहून तेलाची निर्गत सुरू झाली, १९७१ सालीं संयुक्त अरब अमिराती हें राष्ट्र स्थापन झालें, आणि मजूर, सुतार, वाहनचालक, कारकून, अभियंते यांची मागणी एकदम वाढली. जेथें इतकीं माणसें गेलीं तेथें त्यांच्या जेवणाची सोय करणाराहि गेलाच पाहिजे. १९८४ सालीं महादेव दातार यांनीं दुबईंत भारतीय जिनसांचें एक छोटें दुकान उघडलें. त्यांचे चिरंजीव धनंजय दातार यांनीं तो व्याप पुढें 'अल अदील' या नांवानें किती वाढविला, हें महाराष्ट्रांत बहुतेकांस ठाऊक आहे. अशा उदाहरणांनीं मनास उभारी येते, आणि ती यावीच. परंतु उभारीबरोबर नियमांचें ज्ञानहि हवें.

समजा, हेदवीच्या एका तरुणाच्या मनांत दुबईस जाऊन आमसुलें, कोकम सरबत, आंबापोळी, फणसपोळी, कुळथाचें पीठ आणि मसाले यांचें दुकान काढावयाचें आहे. त्याच्यापुढें पहिली चूक उभी असते ती सोप्या वाटेची. पाहुणा म्हणून प्रवेशपत्र काढावें, ओळखीच्या माणसाच्या खोलींत उतरावें आणि माल विकूं लागावें, ही ती वाट. पाहुण्याच्या प्रवेशपत्रावर धंदा वा नोकरी करणें हा तेथें गुन्हा आहे. दंड होतो, देशाबाहेर घालवितात, आणि पुन्हां प्रवेश मिळणें कठीण होतें. दुसरी चूक नोकरदाराची. एका मालकाच्या नांवें मिळालेल्या कामाच्या परवान्यावर राहावयाचें आणि संध्याकाळीं स्वतःचा धंदा करावयाचा, हेंहि योग्य परवान्यावांचून चालत नाहीं. कारण त्याचें वास्तव्य ज्या कामासाठीं मंजूर झालें तेंच काम करण्यास तो मोकळा असतो.

तिसरी चूक जुन्या पिढीनें पुष्कळ सोसली. २०२१ पर्यंत अमिरातींच्या मुख्य भूमीवर व्यापारी कंपनी काढावयाची तर निदान ५१ टक्के भाग तेथील नागरिकाच्या नांवें ठेवावा लागे. पैसा, माल आणि मेहनत परक्याची. कागदावर मोठा भागीदार स्थानिक. पुष्कळ भागीदार सज्जन असत व ठरलेल्या वार्षिक रकमेपलीकडे कांहीं मागत नसत. परंतु जेथें वितुष्ट आलें, किंवा भागीदार वारला व त्याच्या वारसांनीं वेगळा विचार केला, तेथें वीस वर्षांच्या श्रमांचा धनी कोण, हा प्रश्न कागदच सोडवीत असे, आणि कागद परक्याच्या बाजूनें नसे. १ जून २०२१ पासून ही अट बहुतेक व्यापारांतून काढून टाकण्यांत आली. आतां किराणा मालाच्या साध्या व्यापाराची संपूर्ण मालकी परदेशी माणूस स्वतःच्या नांवें ठेवूं शकतो. तरीहि "माझ्या नांवें कर, स्वस्तांत होईल," असें सांगणारे मध्यस्थ भेटतातच. ज्याचें नांव परवान्यावर त्याचें दुकान, हें सूत्र ध्यानांत ठेवावें.

मुख्य भूमीशिवाय दुसरा प्रकार मुक्त व्यापारक्षेत्रांचा. जेबेल अली येथें १९८५ सालीं असें पहिलें क्षेत्र निघालें. पुढें अनेक निघालीं. तेथें परदेशी माणसाची पूर्ण मालकी पहिल्यापासूनच मान्य होती, आणि कांहीं ठिकाणीं खर्चहि कमी येतो. पण ज्याला रस्त्यावरच्या गिऱ्हाइकाला पुडी बांधून द्यावयाची आहे, त्याला हा परवाना सामान्यतः उपयोगी पडत नाहीं. मुक्त क्षेत्रांतील कंपनीस मुख्य भूमीवर किरकोळ विक्री करावयाची तर वेगळी परवानगी अगर तेथील वितरक लागतो. जाहिरातींत दिसणारी स्वस्ताई पाहून हा परवाना घेणारे आणि मग गाळा उघडतां येत नाहीं म्हणून हळहळणारे लोक थोडे नसतात. म्हणून परवान्याची किंमत विचारण्यापूर्वीं, आपला माल नेमका कोणाला व कोठें विकावयाचा, हें ठरविलें पाहिजे.

पुढची वाट पायरीपायरीची आहे. प्रथम धंद्याचा प्रकार ठरवावयाचा. कारण परवान्यावर जो प्रकार लिहिला असेल त्याखेरीज दुसरा माल विकतां येत नाहीं. मग दुकानाचें नांव नोंदवावयाचें आणि प्राथमिक मंजुरी घ्यावयाची. त्यानंतर गाळ्याचा भाडेकरार करून तो नोंदवावयाचा. खाद्यपदार्थांचा व्यापार असेल तर नगरपालिकेच्या अन्नविभागाची मान्यता घ्यावयाची, आणि प्रत्येक पुडीवर घटक, वजन व तारखा अरबींतहि छापलेल्या असाव्या लागतात. हें सर्व झाल्यावर व्यापाराचा परवाना हातीं येतो. एवढ्यानें माणूस दुकानदार झाला. रहिवासी मात्र अजून झाला नाहीं. परवाना मिळाल्यावर आस्थापनेचें कार्ड निघतें, त्यावरून मालकाचें प्रवेशपत्र निघतें, वैद्यकीय तपासणी होते, बोटांचे ठसे घेतात, ओळखपत्र मिळतें, आणि मग वास्तव्याची मंजुरी येते. आधीं दुकान, मग माणूस, असा तेथील क्रम आहे.

या वास्तव्याचें स्वरूप नीट पाहावें. भागीदाराला किंवा मालकाला मिळणारी मंजुरी साधारणतः दोन वर्षांची असते, आणि दुकानाचा परवाना दरवर्षीं नवा करावा लागतो. परवाना संपूं दिला कीं वास्तव्याचा आधार सुटतो. पत्नी आणि मुलें मालकाच्या आश्रयानें राहतात. त्याची मंजुरी गेली कीं त्यांचीहि जाते. २०२२ पासून अविवाहित मुलगा २५ वर्षांचा होईपर्यंत बापाच्या आश्रयाखालीं राहूं शकतो. त्यापुढें त्यानें स्वतःची नोकरी, शिक्षण वा धंदा यांच्या बळावर राहावयाचें. आणि केपटाऊनची ती जुनी तारीख येथेंहि आहेच: सहा महिन्यांहून अधिक काळ देशाबाहेर राहिल्यास साधें वास्तव्य रद्द होतें. पावसाळ्यापूर्वीं हेदवीस आलेला माणूस घराची शाकारणी, गणपती आणि दिवाळी करून परत निघावयाचा विचार करूं लागला, तर त्यानें प्रथम दिवस मोजावे.

दीर्घ मुदतीच्या वाटाहि निघाल्या आहेत. २०१९ पासून 'सोनेरी' म्हणून ओळखली जाणारी दहा वर्षांची मंजुरी देण्यांत येऊं लागली. २० लाख दिरहमांची स्थावर मिळकत हा तिचा एक मार्ग आहे, आणि तिला सहा महिन्यांची अट लागू नाहीं. २०२२ सालीं पांच वर्षांची 'हरित' मंजुरी आली. परंतु या मुदतीच्याच मंजुऱ्या होत. दुकान चालविण्याच्या बळावर तेथें कायमचें नागरिकत्व मिळेल अशी आशा कोणी धरूं नये. आखातांत जाणाऱ्यानें परतीची वाट पहिल्या दिवसापासून आंखून ठेवावी, यांत नैराश्य नाहीं, हिशेब आहे.

हिशेबाचा विषय निघालाच, तर आणखी दोन गोष्टी. नव्या दुकानाला पहिल्या महिन्यांत नफा होत नाहीं. परवाना, भाडें, अनामत रक्कम, नोकरांचीं प्रवेशपत्रें आणि विमा यांचा खर्च मात्र पहिल्याच महिन्यांत होतो. भाडें बहुधा पुढील तारखांचे धनादेश लिहून द्यावें लागतें. न वटलेल्या धनादेशाबद्दल २०२२ पूर्वीं तेथें सर्रास फौजदारी खटला होई; आतां कायदा सौम्य झाला आहे, तरी वसुली सुटत नाहीं आणि फसवणूक ठरल्यास शिक्षाहि सुटत नाहीं. 'तेथें कर नाहीं' ही जुनी समजूतहि टाकून द्यावी. २०१८ पासून मालावर ५ टक्के मूल्यवर्धित कर आहे, आणि जून २०२३ पासून सुरू होणाऱ्या हिशेबी वर्षांपासून ३,७५,००० दिरहमांवरील नफ्यावर ९ टक्के कर आहे. वह्या ठेवण्याची संवय नसलेल्या दुकानदाराला नाताळच्या कायद्याची आठवण व्हावी, असे हे दिवस आहेत. भेद इतकाच, कीं आतां वह्या सर्वांनाच ठेवाव्या लागतात.

ज्यांना कायमच्या वास्तव्याची इच्छा आहे त्यांची नजर युरोप-अमेरिकेकडे जाते. तेथील रीत उलटी आहे: कायमचा हक्क मिळूं शकतो, पण दाराशीं परीक्षा कडक. जर्मनींत स्वतंत्र धंद्यासाठीं येणाऱ्यास, त्या धंद्याची तेथें आर्थिक गरज आहे, त्याचा परिणाम हितकारक होईल आणि भांडवलाची सोय झालेली आहे, हें दाखवावें लागतें. पहिली मंजुरी जास्तींत जास्त तीन वर्षांची. त्या अवधींत धंदा यशस्वी झाला व कुटुंबाचा निर्वाह त्यावर होऊं लागला, तर तीन वर्षांनंतर कायमच्या वास्तव्याचा अर्ज करतां येतो. वयाची ४५ वर्षें ओलांडलेल्यास म्हातारपणाची तरतूदहि दाखवावी लागते. इंग्लंडनें २०२३ सालीं नव्या उद्योजकांसाठीं जी वाट उघडली तींत कल्पना नवी, टिकाऊ आणि वाढूं शकणारी असल्याचा निर्वाळा मान्यताप्राप्त संस्थेकडून मिळवावा लागतो. नेहमींच्या किराणा दुकानाला असा निर्वाळा मिळणें दुरापास्त. म्हणजे १९७२ सालीं युगांडाहून आलेल्या माणसांनीं जीं दुकानें काढलीं, तीं काढण्यासाठीं आज हेदवीहून कोणाला तेथें जातां यावयाचें नाहीं. अमेरिकेंत करारबद्ध देशांच्या नागरिकांना धंद्यांत पैसा घालून राहतां येईल असा एक प्रकार आहे. पण भारताचा तसा करार नाहीं. आणि एस्टोनियानें २०१४ सालीं सुरू केलेलें 'ई-वास्तव्य' तर नांवाचेंच वास्तव्य होय: त्यानें घरबसल्या तेथें कंपनी काढतां येते, परंतु त्या देशांत पाऊल ठेवण्याचाहि हक्क मिळत नाहीं. नांवावर भुलून दलालाला पैसे देणाऱ्यानें हा फरक आधीं समजून घ्यावा.

परदेशाइतकेंच लक्ष स्वदेशांतील कागदांकडेहि द्यावें लागतें. दहावी उत्तीर्ण नसलेल्या माणसाच्या पारपत्रावर परदेशगमनापूर्वींच्या तपासणीची अट असते, आणि आखाती देशांत नोकरीसाठीं जातांना १९८३ च्या कायद्याप्रमाणें त्याला ती पुरी करावी लागते. भांडवल नेण्याचाहि मार्ग ठरलेला आहे. रिझर्व्ह बँकेच्या २००४ पासूनच्या योजनेखालीं भारतांत राहणारा माणूस आर्थिक वर्षांत अडीच लाख अमेरिकन डॉलरपर्यंत रक्कम बँकेमार्फत बाहेर पाठवूं शकतो, आणि परदेशी कंपनींत पैसा घालावयाचा तर २०२२ च्या नियमांप्रमाणें बँकेमार्फत त्याची नोंद करावी लागते. हवाल्यानें पाठविलेला पैसा लवकर पोंचतो हें खरें; पण उद्यां दुकान विकून तो परत आणावयाचा म्हटला, तर तो कोठून आला याचा पुरावा उरत नाहीं.

माणूस परदेशांत राहूं लागला कीं बँकेच्या दृष्टीनें तो अनिवासी होतो. त्यानें आपलें साधें बचत खातें अनिवासी खात्यांत बदलून घेतलें पाहिजे. आणि हेदवीसारख्या गांवच्या माणसाला सर्वांत अधिक जाणवणारी गोष्ट जमिनीची. अनिवासी झालेला भारतीय आपली वाडवडिलार्जित बाग ठेवूं शकतो आणि वारसानें आलेली शेतजमीन घेऊं शकतो. परंतु नवी शेतजमीन वा बाग विकत घेऊं शकत नाहीं. दुबईच्या कमाईवर शेजारची आंब्याची बाग घ्यावयाची, हें स्वप्न उराशीं बाळगून जाणाऱ्याला हा नियम माहीत असावा. ती बाग गांवांत राहणाऱ्या भावाला स्वतःच्या नांवानें घेतां येईल. पण मग ती भावाची होईल, आणि येथेंहि कागदावरचें नांवच शेवटीं बोलेल. कोणी पुढें परदेशी नागरिकत्व घेतलें, तर भारतीय नागरिकत्व संपतें, कारण आपल्या कायद्यांत दुहेरी नागरिकत्व नाहीं. २००५ पासून मिळणारें परदेशस्थ भारतीयाचें ओळखपत्र येण्याजाण्याची व राहण्याची सोय करतें. मतदानाचा अधिकार आणि शेतजमीन विकत घेण्याची मुभा मात्र त्यानें मिळत नाहीं.

मग त्या तरुणानें करावें तरी काय? दोन भावांची जुनी वांटणी येथें पुन्हां उपयोगी पडते. घरच्या भावानें अन्नपदार्थांचा परवाना आणि निर्यातीचा क्रमांक काढावा व आमसुलें, सरबत, आंबापोळी यांचा थोडा माल तेथल्या एखाद्या चालू दुकानास पाठवून पाहावा. पुडी कशी टिकते, अरबी छपाई कोठें चुकते, गिऱ्हाईक दुसऱ्यांदा कोणता जिन्नस मागतें, याचा अनुभव परदेशांत एक रुपयाचें भाडें न भरतां मिळतो. रत्नागिरीसह कोंकणच्या हापूसला २०१८ सालीं भौगोलिक निर्देशांक मिळालेला आहे. तेव्हां नोंदणी केलेल्या बागाइतदाराला आपल्या मालाचें नांव अधिकारानें सांगतां येतें. मालाला वास्तव्याचा परवाना लागत नाहीं, तो माणसालाच लागतो. म्हणून आधीं माल जावा, मग माणूस जावा. माल दोन हंगाम खपला, तर माणसानें जाण्यांत अर्थ आहे. खपला नाहीं, तर बाग विकून जाणें टळलें, हाहि लाभच.

आणि जावयाचें ठरल्यावर चार प्रश्नांचीं उत्तरें घरांतल्या सर्वांनीं एकत्र बसून लिहून काढावीं. परवान्यावर मालक म्हणून कोणाचें नांव राहणार? दुकान बंद पडलें तर देशांत किती दिवस राहतां येणार? कर्त्या माणसाचें बरेंवाईट झालें तर पत्नीचा व मुलांचा तेथील आधार काय? आणि घरीं राहतांना किती दिवसांनीं परतीचें दार लागतें? हे प्रश्न अशुभ वाटतात, म्हणून निघण्याच्या गडबडींत ते कोणी विचारीत नाहीं. पण केपटाऊनच्या धक्क्यावर ज्यांना अडविलें गेलें, युगांडांतून ज्यांना एका पेटीनिशीं निघावें लागलें, त्यांच्या हलाखीचें मूळ या न विचारलेल्या प्रश्नांतच होतें.

मॉरिशसला गेलेल्या त्या गिरमिटियांचे वंशज आज त्या देशाचे नागरिक आहेत. तेथील शाळांतून मराठी शिकविली जाते आणि गणेशचतुर्थी थाटानें होते. ज्या पोर्ट लुईच्या धक्क्यावर त्यांचे पूर्वज उतरले, तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारशांत गणला जातो. त्यांना परक्या भूमींत मूळ धरण्यास कित्येक पिढ्या लागल्या, आणि त्यांच्या हातीं निवड नव्हती. आजच्या तरुणाच्या हातीं ती आहे. हेदवीचा नावाडी भरतीओहोटीची वेळ पाहिल्याखेरीज होडी पाण्यांत लोटीत नाहीं, आणि त्याला कोणी भित्रा म्हणत नाहीं. दूर देशीं दुकान मांडावयास निघालेल्यानेंहि दोन्ही परवान्यांच्या तारखा तितक्याच निगुतीनें पाहाव्या, आणि मग खुशाल निघावें.